चव्वेचाळीस नंबरची पेटी

पटवाऱ्याच्या फळ्यावर दौलत कुळमेथे पंपघरात बसलेला दिसत होता, आणि पंपघराची एकुलती एक किल्ली कुंदाबाईच्या कमरेला होती.

चार वाजून बारा मिनिटं झाली होती. कुंदाबाईनं चहाचा कप खाली ठेवला, किल्ली चाचपली आणि फळ्याकडे पुन्हा पाहिलं. ४५, पंपघर, एक माणूस, सुरक्षित. हिरवागार दिवा. बाहेरून कुलूप असलेल्या खोलीत माणूस बसतो कसा, याचं उत्तर तिला एका श्वासात कळलं.

तिला काय कळलं ते समजायला आधी वडजईची खाण समजून घ्यावी लागते. तेवढा दम धरा, दौलतपाशी अजून सव्वा तास आहे.

वडजईत कोळसा निघायचा बंद होऊन बारा वर्षं झाली. आता तिथं कोळशाऐवजी पाणी वर-खाली होतं. वर उघड्या खाणीच्या खड्ड्याचं मोठं तळं झालंय. खाली दोनशे मीटरवर जुन्या गॅलऱ्या आहेत, म्हणजे कोळसा काढून उरलेले बोगदे. भर दुपारी उन्हाची वीज इतकी होते की तिला गिऱ्हाईक नसतं. त्या विजेवर गॅलऱ्यांतलं पाणी उपसून वरच्या तळ्यात चढवायचं. दिवेलागणीला शहरातले एसी, शेगड्या, गाड्यांचे चार्जर एकदम सुरू झाले की तेच पाणी पाइपांतून खाली सोडायचं. पडता पडता ते जनित्रं फिरवतं आणि वीज परत देतं. कामगार त्याला पाणबॅटरी म्हणतात. दुपारी एक ते पाच गॅलऱ्या कोरड्या असतात, तेवढ्यात माणसं उतरून दुरुस्त्या उरकतात. साडेपाचला पाणी. तळच्या गॅलरीत ते अकरा मिनिटांत छताला टेकतं.

त्यामुळे कोण कुठं आहे हे माहीत असणं आलंच. त्यासाठी खाणीच्या काळातल्याच दोनशे बारा पेट्या अजून भिंतींवर आहेत. प्रत्येकाच्या टोपीवरच्या दिव्यात चिप असते. जवळच्या पेटीला ती ऐकू येते, आणि पेटी तारेवरून वर लॅम्परूममधल्या, म्हणजे दिवे द्यायच्या-घ्यायच्या खोलीतल्या, जुन्या राउटरला कळवते की अमका माझ्यापाशी आहे. राउटरला बारा पोर्ट. पोर्ट म्हणजे गल्ली आणि पेटी म्हणजे त्या गल्लीतलं घर. घराचा नंबर पेटीच्या पोटातल्या आठ चिमुकल्या खटक्यांवर ठरतो. कोणता खटका वर, कोणता खाली, त्याची बेरीज म्हणजे नंबर. तीन नंबरच्या गल्लीत पंचेचाळीसचं घर असलं आणि सात नंबरच्या गल्लीतही असलं, तरी पोस्टमन चुकत नाही.

मग आला पटवारी, म्हणजे सगळा कारभार आपोआप चालवणारं नवं यंत्र. त्याचं कंपनीनं ठेवलेलं नाव भलतंच भारदस्त होतं, पण कामगारांनी पहिल्याच आठवड्यात बारसं केलं, कारण जो कब्जात दिसेल त्याच्या नावावर तो सातबारा करायचा. चाळीस दिवस तो नुसता तारांवर कान ठेवून बसला. कोण बोलतं, कधी बोलतं, कोणत्या तारेवरून बोलतं, हे शिकला आणि एका दुपारी सगळ्या जुन्या पेट्यांची नवी नोंद करून मोकळा झाला. गल्ल्या काढून टाकल्या, सगळं गाव एक केलं. काही महत्त्वाच्या पेट्यांना पूर्वी दोन-दोन तारा होत्या, एक तुटली तर दुसरी चालावी म्हणून. तेव्हा एकच नंबर दोन पोर्टांवर ऐकू आला की ती दोन तारांची एकच पेटी, असं तो शिकला. एकतीस ठिकाणी ते अगदी बरोबर होतं आणि बत्तिसाव्या ठिकाणी साफ चूक.

ती बत्तिसावी कुंदाबाईची करणी होती.

सत्तावीस वर्षांपूर्वी गॅलरी चव्वेचाळीसचं छत बसलं आणि चार माणसं गेली. त्यांतला एक माणिक पिंपळशेंडे, कुंदाचा नवरा. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती, आयटीआय झालेली, पदरात दोन वर्षांची केतकी. अनुकंपा तत्त्वावर तिला नोकरी मिळाली ती लॅम्परूममध्ये, नेमकी फळ्यासमोर. गॅलरी विटांची भिंत घालून बंद केली होती, पण भिंतीमागचा वायू मोजावाच लागतो, म्हणून पेटी चालू होती. दर दहा मिनिटांनी फळ्यावर चव्वेचाळीस पेटायचा आणि कुंदा फळ्याकडे पाठ फिरवायची. कामगारांचंही तेच. चव्वेचाळीस पेटला की पाळी उतरायला तयार होईना.

वडजईत एक रीत होती. खाली मेलेल्या माणसाचा पितळी बिल्ला लॅम्परूमच्या चौकटीवर खिळ्यानं ठोकायचा आणि तो नंबर पुन्हा कोणाला द्यायचा नाही. चिकटे फोरमन म्हणाले, मेलेल्या माणसाचा नंबर देत नाहीत, तर त्या जागेचा तरी कशाला चालवायचा. ते कुंदाला घेऊन खाली उतरले. चव्वेचाळीस म्हणजे तिसरा, चौथा आणि सहावा खटका वर. कुंदानं पेनच्या टोकानं पहिलाही वर सारला. झाला पंचेचाळीस. पंपघराचा पंचेचाळीस सात नंबरच्या पोर्टावर होता, हा तीनच्या. कोणाचं काही अडत नव्हतं. फळ्यावर चिकट्यांनी चिठ्ठी चिकटवली, तीनच्या पोर्टावरचा पंचेचाळीस म्हणजे बंद गॅलरी, आणि कागदावर लिहिलं, पेटी काढली. चिकटे वारले, चिठ्ठी कधीतरी गळून पडली. कुंदाबाईनं त्या दिवसापासून तो आकडा तोंडातून काढला नाही. बाजारात भाव चव्वेचाळीस निघाला तर ती पंचेचाळीस देऊन यायची.

गेल्या उन्हाळ्यात पटवारी बसवताना एका कागदावर तिची सही मागितली होती, की या जाळ्यात एक नंबर दोन पेट्यांना दिलेला नाही. पेन थांबलं होतं तिचं. पण तिला वाटलं, भिंत आहे न मधात, तिथं कोण मरायला जातं. तिनं सही ठोकली.

मागच्या गुरुवारी ती भिंत फोडली. पाणी साठवायला जागा हवी म्हणून. कागदावर त्या गॅलरीचं नाव नवी खोली, तळच्या गॅलरीपेक्षाही हातभर खाली. तिथं नवी पेटी, फोन आणि भोंगा पुढल्या आठवड्यात बसणार होता. आणि आत्ता चहा घेता घेता दौलतचा जोडीदार सहज बोलून गेला होता, की दौलत झडप बसवायला दोन वाजताच एकटा नव्या खोलीत गेला. तिथली जुनी पेटी इमानदारीनं ओरडत होती, पंचेचाळीस, माझ्यापाशी माणूस आहे. पटवारी ऐकत होता आणि दौलतला उंचावरच्या, सदा कोरड्या पंपघरात बसवत होता. पंपघरात माणूस असला तरी पाणी सोडायला हरकत नसते, खालच्या बाकी कुठल्याही नंबरावर दिसला तर मात्र फळा लाल होतो.

आज चारनंतर साहेबांच्या हुकमाशिवाय कोणाला खाली सोडत नव्हते, म्हणून कुंदाबाई वर धावली. त्रेपन्नाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, लॅम्परूमपासून काचेच्या इमारतीपर्यंतचं अर्धा किलोमीटर अंतर.

काचेच्या इमारतीत, म्हणजे नव्या कंट्रोल रूममध्ये, पाहुणे होते. आज पटवाऱ्याची शेवटची परीक्षा होती, माणसाचा हात न लागता पाणी सोडायची. ती पास झाली की राज्यातल्या सात बंद खाणींचं काम मिळणार होतं. आणि पटवारी बसवणाऱ्या चमूची प्रमुख होती केतकी माणिक पिंपळशेंडे.

माय-लेकींचं सहा महिन्यांपासून धड नव्हतं. पटवारी आल्यापासून कुंदाबाई त्याला नावं ठेवत होती. ही पेटी चुकते, ती तार उलटी वाचतो, आमच्या वेळी असं नव्हतं. केतकी प्रत्येक वेळी तपासायची आणि प्रत्येक वेळी यंत्र बरोबर निघायचं. शेवटी तिनं आईच्या तक्रारी ऐकणं सोडून दिलं होतं. आज खरा लांडगा आला होता आणि कुंदाबाईची पत संपलेली होती. हे तिला जिना चढतानाच कळलं आणि स्वतःचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी तरारलं.

केतकीचं पाहुण्यांपुढचं बोलणं संपेपर्यंत कुंदाबाईला दारातच अडवलं. पावणेपाचला तिनं केतकीला बाजूला घेतलं आणि दौलत पंपघरात नसून नव्या खोलीत असल्याचं सांगितलं. किल्ली दाखवली. केतकीनं आधी तिथल्या फळ्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे, मग आईकडे. आवाज चढू न देता तिनं विचारलं, की दौलतकडे दुसरी किल्ली नसेल कशावरून.

"एका नंबरच्या दोन पेट्या नाहीत, आई. तू स्वतः सही केली आहेस."

"केली. खोटी केली."

कुंदाबाईनं एका दमात सांगून टाकलं, खटका, चिकटे फोरमन, चिठ्ठी, सगळं. सत्तावीस वर्षं झाकलेली मूठ पाहुण्यांपासून दहा पावलांवर उघडली. फक्त आकडा काही तोंडातून निघेना. ती घुटमळली आणि मग म्हणाली, "ती नवी खोली नाही हाय, केतकी. ती चव्वेचाळीस हाय. तुझे बाबा गेले ती."

केतकी लहानपणापासून विचारत आली होती, बाबा नेमके कुठं गेले. खाणीत गेले, यापुढे आईनं कधी उत्तर दिलं नव्हतं.

"हे मला आज सांगतेस?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता बोधनकर साहेबांकडे गेली.

बोधनकर पाणबॅटरीचे मुख्य अधिकारी होते. पाणी थांबवायला दोन अंगठे लागायचे, केतकीचा आणि त्यांचा. केतकीनं आपला उमटवला. बोधनकर शांतपणे म्हणाले, की फळा हिरवा आहे, आणि एका बाईच्या आठवणीवर शहराची वीज थांबवता येत नाही. त्यांचंही अगदीच चुकत होतं असं नाही. साडेपाचला दोन दवाखान्यांसह अर्धं शहर या पाण्यावर उभं राहणार होतं. फळ्यानं लाल दाखवावं, ते म्हणाले, माझा अंगठा लागायचाही नाही, पटवारी स्वतःच थांबवेल.

माणूस पाठवावा म्हटलं तर पाच वाजता उतरणीचं दार आपोआप लागायचं. आणि पाच वाजले होते.

म्हणजे फळ्यालाच बोलतं करायचं होतं. दोघी लॅम्परूमकडे निघाल्या, आधी चालत आणि मग पळत.

जुना राउटर कोपऱ्यात लोखंडी कपाटात होता, वर परीक्षेचं मोहोर लावलेलं सील. परीक्षेत त्याला हात लागला की परीक्षा नापास, असं केतकीच्याच सहीच्या नियमात लिहिलं होतं. तिनं सील फाडलं आणि बाजूला झाली. या जुन्या राउटरची भाषा तिला येत नव्हती. तिच्या पिढीनं नंबर द्यायचं काम कधी हातानं केलेलंच नाही, जाळी आपलं आपण जुळवून घेतात.

कुंदाबाईनं कीबोर्ड पुढे ओढला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. बाराही पोर्ट एका मोळीत बांधलेले होते, पटवाऱ्यानं. तिनं तीन नंबरचा पोर्ट मोळीतून सोडवला, त्याला पुन्हा स्वतःची गल्ली दिली. मग शेवटची ओळ. या पोर्टावरची पेटी पंचेचाळीस, वर कळवायची ती... इथं तिची बोटं अडली. शेजारी केतकी उभी होती. कुंदाबाईनं चार दाबला, पुन्हा चार दाबला आणि एंटर मारला.

राउटर बंद होऊन पुन्हा उठायला साडेसात मिनिटं घेतो. पाच वाजून सात मिनिटांनी बंद झाला. दोघी उभ्या राहिल्या. चौकटीवर चार पितळी बिल्ले होते, खिळे गंजलेले. त्यांतला बाबांचा ३१७ केतकीनं शंभरदा पाहिला होता. पाच चौदाला राउटर उठला आणि एकेका पेटीला हाक मारत सुटला. एक, दोन, तीन. एका पेटीला दोन सेकंद. बेचाळीस हजर, त्रेचाळीस हजर. चव्वेचाळीस, उत्तर नाही. पंचेचाळीस हजर, एक माणूस. फळा हिरवाच.

"आई," केतकी म्हणाली. एवढंच. त्या एका शब्दात सहा महिन्यांचा अविश्वास परत येत होता.

कुंदाबाई राउटरकडे वळली. तारा बदलल्या असतील का? पेटी मेली असेल का? की आपलीच आठवण फसवतेय? तिनं कपाटामागं हात घालून तार चाचपली. पोर्टावरची पत्र्याची पट्टी: तीन. बरोबर तर आहे. आणि मग तिला चिकटे फोरमनचा चिडका आवाज आठवला. हा गाढव शून्यापासून मोजतो बाई, किती वेळा सांगू. पट्टीवरचा तीन म्हणजे पडद्यावरचा दोन. तिनं भलतीच गल्ली सोडवली होती. पूर्वी झोपेतही न चुकणारी गोष्ट होती ही, पण सहा महिने तिनं पटवाऱ्याच्या चुका शोधण्यात घालवले होते आणि स्वतःचं काम विसरली होती.

पुन्हा सोडवणं, पुन्हा ओळ, पुन्हा चार आणि चार. या वेळी बोटं अडली नाहीत. पाच वाजून अठरा मिनिटांनी राउटर दुसऱ्यांदा बंद झाला.

आता हिशोब सरळ होता. पाच पंचवीस-साडेपंचवीसला उठेल. चव्वेचाळिसापर्यंत पोचायला दीड मिनिट. पाच सत्तावीस. केतकी फळ्यासमोर, कुंदाबाई राउटरसमोर. काचेच्या इमारतीतून बोधनकरांचा फोन वाजत होता, तो कोणी उचलला नाही. वरच्या तळ्यावर झडपांची मोटर सुरू झाल्याचा घरघराट आला. कुंदाबाईला दौलतची बायको आठवली, शाळेत खिचडी शिजवणारी. कालच तिनं कुंदाबाईला बांबूच्या वास्त्याचं, म्हणजे कोवळ्या कोंबांचं, लोणचं दिलं होतं. माणिक गेला त्या दिवशीही अशीच कोणीतरी फळ्यासमोर उभी असेल, तिच्या मनात आलं, आणि फळ्यावर त्याचं नाव दिसत असेल, दिसतच राहिलं असेल.

राउटर उठला. एक, दोन, तीन.

वीस. तीस. केतकी पुटपुटत मोजत होती, लहानपणी पाढे म्हणायची तशी. चाळीस हजर. एकेचाळीस हजर. बेचाळीस. त्रेचाळीस.

४४, हजर. एक माणूस. कुळमेथे दौलत.

फळ्यावर सत्तावीस वर्षांनी तो आकडा पेटला, आणि लाल पेटला. तिकडे पटवाऱ्यानं कोणाचा अंगठा न मागता पाणी थांबवलं आणि सगळ्या झडपांना कुलूप घातलं. यंत्राचं काही चुकलं नव्हतं बिचाऱ्याचं. त्याला जे सांगितलं ते त्यानं खरं मानलं होतं.

कुंदाबाई तिथंच जमिनीवर बसली. केतकी तिच्याशेजारी बसली नाही, ती फोन उचलून बोधनकरांशी बोलू लागली. पण बोलता बोलता तिनं एक हात आईच्या खांद्यावर ठेवला होता.

दौलत सहा वाजता वर आला तो कुरकुरतच. दोन बोल्ट उरले होते, दार उघडून मले काऊन बोलावलं, त्याचं म्हणणं. कारण सांगितल्यावर त्यानं पाणी मागितलं. शहरात नऊ मिनिटं अंधार झाला. दवाखान्यांनी आपली जनित्रं चालवली. परीक्षा नापास झाली. कुंदाबाईनं त्याच संध्याकाळी स्वतःच्या हातानं जबाब लिहून दिला, खोट्या सहीसकट. चौकशी होईल, नोकरीची उरलेली वर्षं बहुतेक जातील. तिला त्याचं भय वाटलं, पण झोप लागली. केतकीच्या अहवालात नापासाच्या कारणापुढे एकच ओळ होती: पेटीचा नंबर माझ्या आईनं लपवला होता आणि आईनंच सांगितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता दोघी खाली उतरल्या. वायरमननं सकाळीच नव्या खोलीत फोन बसवला होता. फुटक्या भिंतीतून आत गेल्यावर कुंदाबाईनं दिवा वर केला. काळं छत, लोखंडी टेकू, ओल्या दगडाचा वास. केतकीनं विचारलं, कुठं. कुंदाबाईनं उजव्या हाताचा कोपरा दाखवला. सत्तावीस वर्षांत ती पहिल्यांदाच तिकडे बोट करत होती. केतकी तिथं जाऊन उभी राहिली आणि भिंतीला हात लावून आली.

मग तिनं पेटी उघडली. आठ खटके, चार वर, चार खाली. तिला कोणता ते सांगावं लागलं नाही. तिनं खिशातलं पेन काढून पहिला खटका खाली केला आणि फोन उचलून वर विचारलं.

वर लॅम्परूममध्ये फळ्यासमोर दौलत बसला होता, परीक्षा नापास झाल्यापासून पाणी पुन्हा माणसाच्या हातानं सोडायचं होतं. तो सावकाश वाचत गेला. "लागला. चव्वेचाळीस. दोन माणसं दिसून राहिली. पिंपळशेंडे. पिंपळशेंडे."

कुंदाबाईनं तोंडावर पदर धरला. केतकीनं तिच्याकडे पाहिलं, आणि फोनमध्ये सांगितलं, "दौलतभाऊ, तिथून हलू नका. ही दोन्ही नावं इथून गेलेली दिसली की मगच पाणी सोडा."